कमी फेऱ्यांची शांतता : प्रोसेसरच्या पंख्यांचा आढावा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत उभं राहून पंखा कानांनी पारखता येत नाही. रस्त्यावरची वाहनं, गिऱ्हाइकांची वर्दळ आणि दुकानातले छताचे पंखे यांच्या गलक्यात प्रोसेसरवर बसणारा तळहाताएवढा पंखा ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो घरी, रात्री, सगळे झोपल्यावर. अभ्यास करणाऱ्या मुलीला, घरून काम करणाऱ्याला, त्याच खोलीत मायक्रोफोन लावून आवाज मुद्रित करणाऱ्याला. त्यामुळे खरेदी होते ती खोक्यावरचे आकडे वाचून: इतके डेसिबल, इतके आरपीएम, इतकी हवा. हे आकडे बहुधा खरे असतात. पण ते ज्या परिस्थितीत मोजलेले असतात, ती आपल्या टेबलाखाली कधीच नसते.

शांत पंख्यांवर गेल्या पंचवीसेक वर्षांत पुष्कळ काम झालं आहे. पात्यांचे आकार बदलले, बेअरिंग बदलली, वेग आवरण्याच्या पद्धती सुधारल्या. या सगळ्याकडे एकत्र पाहिलं की एकच गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते. शांत पंखा म्हणजे हळू फिरणारा पंखा. आणि पंख्याला हळू फिरता येणं हे पंख्याच्या गुणांइतकंच त्याच्याभोवतीच्या हीटसिंकवर, कॅबिनेटवर, प्रोसेसरच्या वॉटवर आणि खोलीच्या तापमानावर ठरतं.

प्रश्न वाढला कसा

सुरुवातीच्या पीसींमध्ये प्रोसेसरवर पंखा नव्हताच. पॉवर सप्लायचा एक पंखा पुरत असे. ४८६ मालिकेतल्या वेगवान चिपांपासून प्रोसेसरवर हीटसिंक आणि छोटा पंखा दिसू लागला. १९९३च्या पहिल्या पेंटियमची उष्णता १५ वॉटच्या घरात होती. २०००च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉनवर ६० मिलिमीटरचे, मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेणारे पंखे बसत, आणि त्यांचा कर्कश आवाज शेजारच्या खोलीत जाई. २००४मध्ये इंटेलच्या पेंटियम ४च्या प्रेस्कॉट पिढीने १०० वॉटची रेषा ओलांडली. २०२३च्या कोअर आय ९-१४९००केला २५३ वॉटपर्यंत मुभा आहे.

या वाढत्या गोंगाटाला उत्तर शोधणारेही त्याच काळात उभे राहिले. कॅनडातल्या माइक चिन यांनी २००२मध्ये सायलेंट पीसी रिव्ह्यू हे संकेतस्थळ सुरू करून पंख्यांचा आवाज शिस्तीने मोजायला आणि त्याच्या पोताचं वर्णन करायला सुरुवात केली. जपानच्या मात्सुशिताचे पॅनाफ्लो पंखे शांततेसाठी नावाजले गेले. पुढे निडेक सर्वोचा जेंटल टायफून आला आणि २००५मध्ये ऑस्ट्रियात नॉक्टुआ ही कंपनी स्थापन झाली. दरम्यान हीटसिंकही बदलले. तांब्याच्या हीटपाइपांमुळे प्रोसेसरची उष्णता उंच मनोऱ्यासारख्या पत्र्यांपर्यंत नेता आली आणि त्या पत्र्यांवर ८० ऐवजी ९२, मग १२० आणि १४० मिलिमीटरचे पंखे बसले. आजच्या शांततेचा सर्वांत मोठा वाटा या बदलाचा आहे.

आवाज येतो कुठून

पंख्याचा आवाज तीन ठिकाणांहून येतो: पात्यांनी ढवळलेली हवा, मोटर व बेअरिंग, आणि त्या दोहोंमुळे थरथरणारा पत्रा. वेग जास्त असताना हवेचा आवाज बाकी दोन्हींना झाकून टाकतो. वेग उतरला की हवा गप्प होते आणि मोटर-बेअरिंग उघडी पडतात.

हवेच्या आवाजाचं गणित चांगलं माहीत आहे. वाहत्या हवेतून ध्वनी कसा निर्माण होतो, याचा पाया ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९५२मध्ये घातला. १९५५मध्ये कर्ल या संशोधकाने घन पृष्ठभागाच्या सान्निध्यात ध्वनीची तीव्रता वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, असं दाखवलं. पंख्यांच्या व्यवहारात वापरला जाणारा ठोकताळा याच्या जवळचाच आहे: फेरे निम्मे केले की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हवा मात्र निम्मीच घटते, कारण हवेचं प्रमाण फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात असतं. दाब वर्गाने घटतो आणि मोटरला लागणारी शक्ती घनाने.

याचा अर्थ व्यवहारात मोलाचा आहे. १५०० फेऱ्यांचा पंखा १२००वर आणला तर हवा एक पंचमांशाने कमी होते, पण आवाज जवळपास ५ डेसिबलने घटतो. प्रोसेसरचं तापमान त्याने बहुधा मोजक्याच अंशांनी चढतं. १० डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते, हे लक्षात घेतलं तर हा सौदा फायद्याचाच आहे.

आवाजाची पातळी ही एक बाजू झाली. आवाजाचा पोत ही दुसरी. प्रत्येक पातं चौकटीच्या आडव्या दांड्यांजवळून जाताना एक ठोका देतं. नऊ पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांवर सेकंदाला १८० ठोके देतो, म्हणजे १८० हर्ट्झचा एक सूर लागतो. सपाट, सळसळणारा आवाज कान थोड्या वेळाने विसरतो; एकसुरी गुणगुण विसरत नाही. म्हणून पात्यांची संख्या ७, ९ किंवा ११ अशी विषम ठेवतात, दांड्या तिरक्या किंवा वक्र करतात, म्हणजे सगळी पाती एकाच क्षणी दांडीसमोर येत नाहीत.

दोन पंखे शेजारी असले तर आणखी एक त्रास संभवतो. नऊ पात्यांचे दोन पंखे १००० आणि १०३० फेऱ्यांवर फिरत असतील तर त्यांच्या सुरांतला साडेचार हर्ट्झचा फरक सेकंदाला चार-पाच वेळा उठणारी-बसणारी लाट होऊन ऐकू येतो. नॉक्टुआने २०२४च्या एनएच-डी१५ जी२ या कूलरमध्ये दोन पंख्यांचे वेग जाणीवपूर्वक थोडे वेगळे ठेवले ते अशाच घुमण्यावर उपाय म्हणून. घरच्या घरी हेच करायचं तर बायोसमध्ये एका पंख्याचा वेग आणखी बदलून पाहायचा आणि जिथे लाट मोडते तिथे थांबायचं.

खोक्यावरचे डेसिबल

बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिलं की कान सगळ्या कंपनसंख्या सारख्या जोराने ऐकत नाही. त्याच्या आधाराने पुढे ए-भारित डेसिबल आले. त्यात खालच्या सुरांना कमी वजन मिळतं. पंख्याच्या घुमण्यासारखे खर्जातले आवाज म्हणून आकड्यात कमी उमटतात, पण लाकडी टेबलातून आणि पत्र्यातून ते हातापायांनाही जाणवतात. एकच सूर सतत लागल्याचा त्रासही या आकड्यात दिसत नाही.

दुसरी अडचण मापनाची. कुठल्या अंतरावरून, किती शांत खोलीत आणि पंखा कशावर बसवून मोजलं, यावर निकाल कित्येक डेसिबलने बदलतो. यासाठी आयएसओची मानकं आहेत, पण सगळे उत्पादक एकाच पद्धतीने मोजत नाहीत. पंखा सहसा मोकळ्या हवेत टांगून मोजलेला असतो. हीटसिंकच्या पत्र्यांपुढे आणि जाळीमागे तोच पंखा अधिक बोलतो. दोन कंपन्यांच्या खोक्यांवरचे २२ आणि २५ डेसिबल शेजारी ठेवून पंखा निवडणं त्यामुळे व्यर्थ आहे. एकाच परीक्षकाने, एकाच हीटसिंकवर, एकाच तापमानाला किंवा एकाच आवाजाला आणून केलेली तुलना ही खरी तुलना.

आपल्याला किती शांतता हवी, हेही आधी ठरवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीत रात्री ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबल आहेत. खोलीतल्या पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा १० डेसिबल खाली असलेला पंखा एकूण आवाजात अर्ध्या डेसिबलचीही भर घालत नाही. ज्यांच्या घरी दहा महिने छताचा पंखा फिरतो, त्यांनी शेवटचे दोन-तीन डेसिबल वाचवायला हजारो रुपये घालण्याची गरज नाही. त्यांनी फक्त गुणगुणणारा पंखा टाळावा. ज्यांच्या खोलीत मायक्रोफोन आहे, त्यांचा हिशेब वेगळा.

आकार, हवा आणि दाब

पातीही त्याच प्रमाणात वाढली असं धरलं, तर तितकीच हवा देताना १४० मिलिमीटरचा पंखा १२०च्या पंख्यापेक्षा सुमारे ५ डेसिबल शांत ठरतो. प्रत्यक्षात दोघांचीही जाडी २५ मिलिमीटरच असते, त्यामुळे फायदा काहीसा घटतो, पण उरतो. जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा, हा नियम त्यामुळे टिकून आहे. जाडी वाढवण्याचाही मार्ग आहे: फँटेक्सचा टी३० हा ३० मिलिमीटर जाडीचा पंखा त्याच विचारातून आला.

खोक्यावर कमाल हवा आणि कमाल दाब असे दोन आकडे असतात. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. समोर काहीच नसेल तेव्हा कमाल हवा मिळते. समोरचा मार्ग पूर्ण बंद असेल तेव्हा कमाल दाब. हीटसिंकवरचा पंखा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी काम करतो. पत्रे जितके दाट, तितकी दाबाची गरज जास्त. कॅबिनेटसाठी म्हणून विकले जाणारे विरळ पात्यांचे पंखे उघड्यावर भरपूर हवा देतात आणि दाट पत्र्यांपुढे दमतात. प्रोसेसरसाठी रुंद, जवळजवळची पाती असलेला पंखा घ्यावा.

पात्याचं टोक आणि चौकट यांतली फट हा या क्षेत्रातला सर्वांत बारीक विषय आहे. त्या फटीतून हवा उलटी गळते, दाब घटतो आणि भोवरे उठून आवाज होतो. फट कमी करायची तर पातं ताणलं जाता कामा नये, पण साधं प्लास्टिक उष्णता आणि फिरण्याच्या ओढीने वर्षानुवर्षं किंचित लांबत जातं. २०१८मध्ये आलेल्या नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५मध्ये ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली, ती द्रव-स्फटिक बहुलकाची कडक पाती वापरून. काही उत्पादकांनी पात्यांची टोकं एका वलयाने जोडून याच प्रश्नाला दुसरं उत्तर दिलं.

पंख्याच्या मागे काय आहे, यापेक्षा तो हवा ओढतो त्या बाजूला काय आहे, याने आवाज जास्त बिघडतो. जाळी, केबल किंवा काच अगदी लागून असली की पात्यांवर हवा तुटक येते आणि सूर तीव्र होतो. दीड-दोन सेंटिमीटरची मोकळीक ठेवली तर तोच पंखा ओळखू येणार नाही इतका निवतो.

बेअरिंग आणि मोटर

साध्या स्लीव्ह बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर दांडा फिरतो. नवा असताना हा पंखा अतिशय शांत असतो. उष्णतेने तेल आटलं की घरघर सुरू होते. दुहेरी बॉल बेअरिंग उष्णतेत दीर्घकाळ टिकतं, म्हणून सर्व्हरमध्ये ते चालतं, पण कमी वेगावर त्याची बारीक खरखर ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये खाचांमुळे तेल दाबाखाली दांड्याभोवती टिकून राहतं. शांतता आणि आयुष्य दोन्ही साधतं. प्रोसेसरसाठी आज हाच पर्याय योग्य. एक दिलासाही आहे: स्लीव्ह बेअरिंग आडवं ठेवलेल्या पंख्यात लवकर झिजतं, पण उभ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा जवळपास नेहमी उभाच बसतो. तिथे शत्रू उरतो तो उष्णतेचा.

आयुष्याचे आकडे जपून वाचावेत. दीड लाख तास म्हणजे अखंड सतरा वर्षं, पण हा अनेक पंख्यांवरून काढलेला संख्याशास्त्रीय अंदाज असतो, तुमच्या पंख्याची हमी नव्हे. हमी वॉरंटीत असते. नॉक्टुआ सहा वर्षं देते. वॉरंटीची वर्षं हाच बेअरिंगच्या दर्जाचा प्रामाणिक निर्देशक मानावा.

मोटरचा आवाज कमी वेगावर टिकटिक होऊन येतो. विद्युतप्रवाह एका कॉइलमधून दुसऱ्या कॉइलमध्ये झटक्याने गेला की ही टिकटिक उमटते. महागड्या पंख्यांत हा बदल हळुवार केलेला असतो. बी क्वाएटच्या सायलेंट विंग्ज मालिकेत सहा ध्रुवांची मोटर असते. पंखा हातात आल्यावर कान जवळ नेऊन ४०० ते ६०० फेऱ्यांवर ऐकावा. तिथे तो गप्प असेल तर मोटर चांगली आहे.

वेग आवरण्याची कला

तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून घटवतात. फार कमी केलं तर तो सुरूच होत नाही. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथी तार २५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे कानापलीकडच्या, स्पंदांनी वेग सांगते. इंटेलने ठरवलेली ही पद्धत आज सर्वत्र आहे. प्रोसेसरसाठी चार तारांचाच पंखा घ्यावा.

शांततेची सर्वाधिक नासाडी मात्र फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याच्या मांडणीत, होते. आजचा प्रोसेसर एखादं पान उघडताना क्षणात पंधरा-वीस अंश चढतो आणि लगेच उतरतो. मदरबोर्डची मूळ मांडणी प्रत्येक उसळीमागे पंखा पळवते. एकसारखा मध्यम आवाज सुसह्य असतो. सतत चढणारा-उतरणारा आवाज नसतो. प्रत्यक्षात या क्षणिक उसळीने हीटसिंकचे पत्रे तापतही नाहीत, त्यामुळे पंख्याने तिकडे दुर्लक्ष केलं तर काही बिघडत नाही. बायोसमध्ये वेग वाढवण्यापूर्वी तीन ते पाच सेकंदांचा विलंब द्यावा, ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवावा, ८० अंशांपर्यंत हळूहळू चढवावा आणि त्यापुढेच पूर्ण मोकळीक द्यावी. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि कित्येक घरांत नवा पंखा घेण्याची गरजच उरत नाही.

तापमानाची भीतीही थोडी सैल करायला हवी. एएमडीच्या रायझन ७०००मधले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत आणि इंटेलचे अलीकडचे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपर्यंत चालतील असे रचलेले आहेत. रायझनचा गणना करणारा तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा आहे. इतक्या छोट्या जागेतून उष्णता बाहेर पडताना अडथळा चिपच्या आतच असतो. अशा वेळी पंखा दुप्पट पळवूनही तापमान थोडंच उतरतं आणि आवाज मात्र १५ डेसिबलने चढतो. उलट प्रोसेसरची वॉटमर्यादा कमी केली, एएमडीचा इको मोड लावला किंवा इंटेलच्या दीर्घ व अल्प मुदतीच्या वॉटमर्यादा खाली आणल्या, तर कामगिरी थोडी घटते आणि उष्णता पुष्कळ घटते.

आपल्या हवेत

परदेशी परीक्षणं बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. प्रोसेसर खोलीच्या वर ४५ अंश राहत असेल, तर २४ अंशांच्या खोलीत तो ६९वर असतो आणि वैशाखात विदर्भातल्या ३८ अंशांच्या खोलीत ८३वर, पंखा तोच आणि फेरेही तेच असताना. जानेवारीत बसवलेला शांत कर्व्ह मे महिन्यात ओरडू लागतो तो यामुळे. आपल्याकडे म्हणून हीटसिंक गरजेपेक्षा एक पायरी मोठा घ्यावा आणि उन्हाळा-हिवाळ्याचे दोन कर्व्ह जतन करून ठेवावेत.

धूळ हा दुसरा स्थानिक घटक. फिल्टर आणि पत्र्यांत ती साचली की हवा कमी मिळते, तापमान चढतं आणि पंखा पळतो. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा, मात्र पाती बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे गरगरला तर बेअरिंगला इजा होते.

बाजारातली निवड

६५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरसोबत येणारा कूलर वाईट नसतो, पण त्याचा पंखा लहान आणि पत्रे कमी असल्याने कामाच्या भारात तो पळतो. पैसे खर्चायचे तर पहिला खर्च १२० मिलिमीटरच्या, हीटपाइप असलेल्या मनोरा-कूलरवर करावा. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिनसारख्या जोडमनोऱ्यांनी या वर्गात किंमत खूप खाली आणली आहे. त्यानंतर कर्व्ह. त्यानंतर कॅबिनेट: समोर बंद काच असेल तर जाळीचं घ्यावं. स्वतंत्र महाग पंख्याचा क्रमांक यानंतरचा.

पंखाच बदलायचा असेल तर आर्क्टिकचा पी१२ कमी किमतीत उत्तम दाब देतो. नॉक्टुआचा ए१२एक्स२५ किंवा बी क्वाएटचे सायलेंट विंग्ज कित्येक पट महाग आहेत; त्या पैशांत मिळतो तो आवाजाचा पोत, कमी वेगावरची निःशब्द मोटर आणि दीर्घ वॉरंटी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ते पैसे जरूर द्यावेत. मनोऱ्यावर दुसरा पंखा लावल्यास त्याच वेगावर ३ डेसिबल वाढतात. पण त्यामुळे दोन्ही पंखे १३०० ऐवजी १०००वर आणता आले तर एकूण आवाज कमीच होतो.

पाण्याचे कूलर २०० वॉटच्या पुढे उपयोगी आहेत. त्याखाली ते पंख्यांच्या आवाजात पंपाच्या आवाजाची भर घालतात. पंख्याशिवाय चालणारा मार्गही आहे: २०२१चा नॉक्टुआ एनएच-पी१ हा जवळपास १.२ किलोचा हीटसिंक मध्यम प्रोसेसर नुसत्या वर चढणाऱ्या हवेवर थंड ठेवतो. पण ३८ अंशांच्या खोलीत त्याच्यावर विसंबण्यापेक्षा त्याच हीटसिंकवर ४०० फेऱ्यांचा एक पंखा लावणं शहाणपणाचं. तो ऐकूही येत नाही आणि तापमानही आवरतो.

ग्राहकाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती प्रामाणिक माहितीची. उत्पादकांनी कमाल वेगाच्या एका आकड्याऐवजी ६००, ९०० आणि १२०० फेऱ्यांवरचा आवाज, तोही हीटसिंकवर बसवून मोजलेला, खोक्यावर छापला पाहिजे. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तोवर दुकानात पंखा हातात घेतल्यावर "किती डेसिबल?" हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि "माझ्या प्रोसेसरला, माझ्या खोलीत, हा किती हळू फिरून पुरेल?" असं विचारावं. त्याचं उत्तर देताना हीटसिंक, कॅबिनेट, वॉट आणि उन्हाळा हे सगळे हिशेबात घ्यावे लागतात, आणि तो हिशेब ज्याने केला त्याचा स्वस्त पंखाही महाग पंख्याइतका शांत राहतो.